गाऱ्हाण्यावर चालणारा डीजे

हा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं, पण आमच्या भागात हळदीला नाचायचं असलं की डीजे म्हणून बोलावतात ते यालाच. स्पीकर भिंतीएवढे आणतो. गाणी मात्र सगळी एका जुन्या लॅपटॉपमध्ये. दुसरा लॅपटॉप नाही, पेनड्राइव्ह नाही, स्पीकरला फोन जोडायची साधी वायरही नाही. त्याऐवजी तो सुरुवातीला लॅपटॉपसमोर नारळ ठेवून मोठ्याने देवाला गाऱ्हाणं घालतो, सगळ्यांकडून "व्हय महाराजा" म्हणवून घेतो आणि नारळ फोडून त्याचं पाणी लॅपटॉपवर शिंपडतो.

तारकर्लीला माझ्या पुतणीच्या हळदीत मी त्याला आधीच विचारलं, "हा लॅपटॉप बंद पडला तर?"

"होतला गो काकी सगळा. गाऱ्हाणा घातला मां?"

महिनाभर बसवलेला नाच करायला पुतणी मैत्रिणींबरोबर उभी राहिली आणि अर्ध्यातच गाणं थांबलं. नारळाचं पाणी कीबोर्डमध्ये उतरलं होतं. पोरी हात वर करून तशाच उभ्या. माझ्या डोक्यात तिडीक गेली. हा मात्र शांतपणे लॅपटॉप पुसत म्हणाला, "गाऱ्हाण्यात कायतरी चुकला." आणि नवरीचा बाप, माझा सख्खा दीर, त्यावर मान डोलावत होता.

परवा धामापूरला एका हळदीत तो पुन्हा दिसला. मी तोंड उघडायच्या आत त्याने बॅग पुढे केली.

"काकी, आता काळजी नाय. बॅकअप आणलंय."

बॅगेत आणखी एक नारळ होता.