मनोऱ्यावरून घर शोधताना

नारायण पेठेत एकतीस वर्षं टपाल वाटलेल्या श्रीनिवासरावांना पत्ता विचारला, की ते घरनंबराबरोबर जिन्याची कितवी पायरी मोडकी आहे तेही सांगत. पण गेल्या महिन्यात ते दोनदा गॅस बंद करायला विसरले. वाघोलीला राहणाऱ्या मुलाने, आमोदने, लगेच मंगळवारची मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेऊन टाकली. श्रीनिवासरावांना भीती वाटत होती, पण ते कुणापाशी बोलले नाहीत.

रविवारी मंडईचा मनोरा लोकांना बघायला खुला होता. "चल, वरून आपलं घर दाखवतो," ते आमोदला म्हणाले. स्वतःच स्वतःची घ्यायची परीक्षा होती ती. तरी पेपर सोपा जावा म्हणून बायकोला, मंदाकिनीबाईंना, गच्चीवर जुनी पिवळी साडी पसरून तिथेच थांबायला सांगून ठेवलं.

जिना चढून, गुडघे चोळत ते वर पोचले आणि बघतच राहिले. एप्रिल महिना. जिकडेतिकडे गच्च्यांवर कुरडया वाळत घातलेल्या, त्याही जुन्या साड्यांवरच. पिवळ्याच सात-आठ निघाल्या. एवढी साधी गोष्ट आपल्या कशी लक्षात आली नाही?

"कुठलं घर, बाबा?" आमोदने फारच मऊ आवाजात विचारलं. त्या मऊपणाचाच त्यांना राग आला.

त्यांनी मनातल्या मनात पिशवी खांद्याला लावली आणि नदीच्या बाजूने टपाल वाटायला घेतलं. दुसऱ्या गल्लीतच चुकले. वरून ना दारं दिसत होती, ना पाट्या. नुसत्या पाण्याच्या टाक्या. जन्मभर त्यांनी घरं दारातून पाहिली होती, छपरं कधी पाहिलीच नव्हती. मग हे विसरणं, की मुळात माहीतच नसणं? त्यांना काही कळेना.

"राहू द्या. ती बघा आई, त्या टाकीशेजारी." आमोदने खात्रीने बोट दाखवलं आणि फोन लावला. "आई, दिसलीस. हात कर बघू."

"कधीची करतेय. बघतोयस कुठे?"

टाकीशेजारची बाई खाली बसून निवांत कुरडया उलटत होती.

आमोदने सगळ्या खिडक्यांतून पाहिलं. त्याच घरात जन्मला, त्याच गच्चीवर दहावीचा अभ्यास केला. त्यालाही ती सापडेना. तो खरोखरच घाबरलेला दिसला.

"मंगळवारी दोघांचा नंबर लाव," श्रीनिवासराव म्हणाले.

आमोद हसला नाही. "हो," म्हणाला आणि पुन्हा शोधू लागला. श्रीनिवासरावही त्याच्या खांद्याला धरून शोधू लागले. फोनमधून मंदाकिनीबाईंचा आवाज येत होता, "अहो, हात दुखायला लागला माझा. दिसले का मी कुणाला?"