याकूबशेठ आणि न उठणारे पाहुणे

पेढीची पायरी चढलेल्या प्रत्येक माणसाला याकूबशेठ आधी एकच गोष्ट विचारायचे, "या, बसा. उठणार केव्हा?"

मी पहिल्यांदा पाचोऱ्याला गेलो तेव्हा मलाही त्यांनी हेच विचारलं. जळगावहून सभेची पत्रकं काखोटीला मारून आलो होतो, घामाने भिजलेलो, आणि हा पांढऱ्या दाढीचा कापसाचा व्यापारी मला बसायच्या आतच उठवत होता. मी तडकून म्हणालो, "काम झालं की उठेन."

"तसं नको," ते म्हणाले. "काम केव्हा झालं हे तुम्हीच ठरवणार. वेळ सांगा."

"पाचची गाडी आहे."

"मग साडेचार." एवढं बोलून त्यांचा चेहरा खुलला. चहा आला, शेव आली, केळी आली. कापसापासून चीनपर्यंत गप्पा झाल्या. साडेचार वाजता त्यांनी स्वतः उठून माझ्या चपला दाराकडे तोंड करून ठेवल्या.

गावात या सवयीची भरपूर टिंगल होई. खुद्द व्याही एकदा रागावून, न जेवता परत गेले होते. पण वेळ सांगणाऱ्याला त्या घरात काही कमी पडत नसे, हेही गाव कबूल करी. "मला पाहुण्यांचा कंटाळा नाही," याकूबशेठ म्हणायचे. "मी दिवस न सांगणाऱ्याला भितो. असा एक मी पाहिला आहे."

तो त्यांनी वेहायवेला पाहिला होता. चीनच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे लहानसं बंदर. याकूबशेठ विशीत असताना तिथे मामाच्या सुताच्या दुकानात कामाला गेले. त्याआधी थोडीच वर्षं इंग्रजांनी ते बंदर आपल्या आरमारासाठी चीनकडून भाडेपट्ट्याने घेतलं होतं. कारण काय, तर समोरच्या किनाऱ्यावरचं पोर्ट आर्थर रशियाने तसंच घेतलं होतं. मुदत काय, तर रशिया तिथे राहील तोवर इंग्रज इथे राहणार.

"म्हणजे बघा," याकूबशेठ सांगत, "एक चोर माजघरात शिरला, म्हणून दुसरा ओसरीवर येऊन बसला. आणि घरधन्याला सांगतो, तो निघाला की मी निघतो. घरधन्याने दोघांनाही बोलावलं नव्हतं."

दुकानाची जागा एका म्हाताऱ्या चिनी होडीवाल्याची होती. पुढे जपानने रशियाचा पाडाव करून पोर्ट आर्थर घेतलं. बातमी आली त्या दिवशी म्हाताऱ्याने स्टूल उचललं आणि धक्क्यावर जाऊन बसला. इंग्रजांची जहाजं नांगर कधी उचलतात ते त्याला पाहायचं होतं. थंडी अशी, की मिशीवर बर्फ धरायचं. तरुण याकूब त्याला रोज चहा नेऊन द्यायचा. जहाजं हलली नाहीत. मग कळलं, की रशिया गेला असला तरी आता तिथे जपान आहे, तेव्हा इंग्रजांना राहणं भाग आहे. उन्हाळ्यात आरमार नेहमीसारखं हवा खायला आलं.

"म्हाताऱ्याने मला एवढंच विचारलं," शेठ म्हणायचे, "की तुला त्यांची भाषा येते, त्या कागदात आणखी काही लिहिलं होतं का? मी म्हणालो, नाही बाबा."

ही गोष्ट ते स्वतःला वगळून सांगत नसत. "आमचं दुकान त्याच खलाशांवर चालायचं. मी दोन्ही हातांनी विकलं. त्या नफ्यातून हे सरकी काढायचं जिन उभं राहिलं. म्हणून आवारात विहीर खोदली, आणि तिला दार लावलं नाही."

पुढे इंग्रजांनी वेहायवे परत दिलं, पण समोरचं बेट आरमारासाठी आणखी दहा वर्षं ठेवून घेतलं. ती बातमी शेठनी पेढीवर सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती म्हणे. वर म्हणाले, "पाहुणा उठला, पण गादी ओसरीवरच ठेवून गेला."

आता त्या विहिरीचं सांगतो. स्टेशनाच्या त्या अंगाला बाकी सगळं पाणी खारं. शेठच्या विहिरीचं गोड. मोहल्ल्यातल्या बायका, शेजारच्या वस्तीतल्या शेतमजूर बायका, स्टेशनावरचे हमाल, सगळे तिथेच भरत. भाजी विकणारी सोनाअक्का सकाळी तिथे मेथीच्या जुड्या धुवायची आणि शेठलाच दटावायची, "शेठ, पोहरा फुटी गया, नवा कव्हय आनशात?" शेठ तिला नेमका वार सांगत आणि त्या वारी पोहरा येई.

मग हे दुसरं महायुद्ध आलं. लष्कराला कोठारासाठी रेल्वेजवळ जागा हवी होती. एक गोरा साहेब आणि मामलेदार पेढीवर आले. मी तिथेच होतो.

"या, बसा. उठणार केव्हा?"

साहेब हसला. मामलेदारांनी भाषांतर करून सांगितलं, "युद्ध संपलं की."

"दिवस सांगा."

"शेठ, सरकारला असं विचारतात का?"

"मग सरकारने असं येऊ नये. बरं, जागा घ्या. विहीर तारेच्या बाहेर ठेवा."

ना दिवस मिळाला, ना विहीर. युद्धकाळाचा कायदा दाखवून जिनाचं आवार घेतलं. पत्र्याचं उंच कुंपण घातलं, त्यावर काटेरी तार, फाटकावर पहारा. दुसऱ्या दिवसापासून बायका नदीच्या कोरड्या पात्रात झिरे उकरून वाटीवाटीने पाणी भरू लागल्या. आमच्याकडे उन्हाळा कसा असतो ते ज्याला ठाऊक आहे त्याला याहून जास्त सांगायला नको. ज्याला ठाऊक नाही त्याने एकदा मे महिन्यात डोक्यावर हंडा घेऊन ते पात्र चढून पाहावं.

मी सणसणीत पत्रक काढलं. शेठनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. "शिव्या उत्तम आहेत," म्हणाले. "पण जायचा दिवस कुठे मागितला आहे?" मी खाली मान घालून दुसरं पत्रक लिहिलं.

युद्ध संपलं. दुसऱ्याच सकाळी शेठ धुतलेली शेरवानी घालून फाटकाशी गेले. उत्तर मिळालं, सामान मोजायचं आहे. नंतर कळलं, वरून हुकूम आलेला नाही. नंतर म्हणाले, अर्ज पुण्याला गेला आहे. दर खेपेला शेठ उन्हात उभे राहायचे आणि दर खेपेला आतला कारकून बसून बोलायचा.

या वर्षी फाळणी ठरली तेव्हा त्यांच्या आवारावर डोळा असलेला एक आडत्या पेढीवर आला. बसला, पान लावलं, आणि हसत विचारलं, "मग शेठ, तुम्ही केव्हा निघणार?"

शेठचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. पायरीवर टोपली घेऊन बसलेली सोनाअक्काच आधी बोलली. "ओ भाऊ, पत्रामांगे बसेल शेतस त्यास्ले इचार ना. हाऊ मानूस आठला शे."

"मी इथला, घरचा आहे," शेठ सावकाश म्हणाले. "घरच्याला वेळ विचारत नाहीत." आडत्या पान थुंकायच्या निमित्ताने गेला तो गेलाच.

ऑगस्टमध्ये फाटकावर आपला झेंडा चढला. मी तिथे उभा राहून रडलो, ते लपवत नाही. नवा साहेब आपला, मराठी बोलणारा. शेठ त्याच्याकडे गेले. तो अदबीने म्हणाला, "आता आपलंच राज्य आहे, शेठ. जरा धीर धरा." शेठ घरी आले आणि त्यांनी अंथरूण धरलं. मी समजूत घालायला गेलो, तर म्हणाले, "तुमचा झेंडा चांगला आहे. पण माणूस त्याच खुर्चीत बसला आहे."

दसऱ्याच्या सुमाराला ते गेले. मयताला घालायच्या आंघोळीचं पाणी आपल्या विहिरीचं असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. त्यांचा मुलगा इब्राहिम हंडे घेऊन फाटकाशी गेला, मी सोबत होतो. कारकून म्हणाला, "साहेब जळगावला गेलेत. परवानगीशिवाय आत सोडता येत नाही. उद्या या."

मागून सोनाअक्का म्हणाली, "मुर्दा परवानगीनी वाट देखस का?"

कारकुनाने फाटक लावून घेतलं. शेवटी बायकांनी नदीतून पाणी आणलं. गढूळ होतं, ते धोतराच्या चौपदरी कापडातून गाळून घेतलं. ज्याच्या विहिरीवर अर्धं गाव पाणी प्यायलं, त्या माणसाला असं न्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी सोनाअक्का रिकामा हंडा घेऊन फाटकासमोर जाऊन बसली. तासाभरात मोहल्ल्यातल्या आणि वस्तीतल्या मिळून पन्नासेक बायका तिच्या मागे बसल्या होत्या. साहेब बाहेर आला. मला पाहून म्हणाला, "तुम्ही तर आपले कार्यकर्ते. यांना समजवा." मी जाऊन बायकांत बसलो.

"तुम्हाला हवं तरी काय, बाई?"

"पानी भरीसन जासूत," सोनाअक्का म्हणाली.

साहेबाने पहारेकऱ्याला खूण केली आणि फाटक उघडलं. आम्ही विहिरीपाशी गेलो. रहाट नव्हता. काठावरचे दगड काळे पडले होते. मी वाकून पाहिलं. आत गंजलेले तेलाचे डबे, कुजलेल्या ताडपत्र्या, फुटक्या पेट्या. विहीर अर्ध्याच्या वर भरलेली. घाण वास घशात बसला. इतकी वर्षं हे लोक स्वतःसाठी रेल्वेचं पाणी आणत होते, आणि विहीर त्यांनी उकिरड्यासारखी वापरली होती. परवानगी मागून काय मिळणार होतं? द्यायला यांच्याजवळ पाणीच उरलं नव्हतं.

"हे माझ्या आधीचं आहे," साहेब म्हणाला.

इब्राहिमने दोर आणि गळ आणला. सोनाअक्काने पदर खोचला आणि बायकांना म्हणाली, "काढाले लागा." पहिला डबा वर आला, त्यातून काळं तेल ठिबकत होतं. तो तिने दोन्ही हातांनी उचलला, आवारातून चालत ऑफिसात नेला आणि साहेबाच्या टेबलावर ठेवला.