जो नाहीच, त्याचा हेवा

आमच्या गावात देव न मानणारी माणसं पुष्कळ होती, पण देवावर जळणारा एकटा ख्वेनदादाच निघाला.

तो वायरमन. नाम दिन्ह शहराच्या बाजूला नदीकाठी आमचं गाव, तिथे पहिली तार ओढली ती त्याने. दिवे लागले त्या दिवशी सोसायटीच्या गोदामासमोर उभा राहून तो म्हणाला होता, "भुतं आणि देव अंधारात राहतात. आता अंधारच ठेवला नाही, बघू कुठे राहतात ते!" मी तेव्हा लग्न होऊन नवीच आले होते. गोदाम म्हणजे खरं तर देवीआईचं जुनं देऊळ. देवधर्मावर सरकारी बंदी आली तेव्हा मूर्ती काढून तिथे खताची पोती रचलेली. पुढे दिवस पालटले, पोती गेली, मूर्ती परत आल्या. दादाने देवळालाही मीटर बसवून दिला. वर म्हणाला, "उजेडात नीट बघा, म्हणजे कळेल आत कोणी नाही."

त्याची बायको थोआताई. बाजारात तिचं आणि माझं टोफूचं एकच फळकूट. बोलायला मऊ, हिशेबाला पक्की, आणि नवऱ्याच्या भाषणांवर कधी हूं नाही की चूं नाही.

बावन्नाव्या वर्षी तिला भीती धरली. टोफू कापता कापता हात थांबायचा, ओठ पांढरे व्हायचे. "मेन, मला धर गं, मी पडतेय," म्हणायची. चांगली दोन पायांवर उभी असायची.

"कशाची भीती वाटते, ताई?"

"कशाचीच नाही. म्हणून तर जास्त वाटते."

आधी तिला रस्ता ओलांडता येईना, मग बाजारात येणं सुटलं, मग घराचा उंबरठासुद्धा तिला नदीएवढा रुंद वाटायला लागला. दादाने तिला मोठ्या दवाखान्यात नेलं. छातीचा कार्डिओग्राम काढला, रक्त तपासलं. सगळं ठीक. तो कागद घेऊन घरी आला आणि तिच्यासमोर नाचवला. "हे बघ, लुआची आई, शिक्का मारून लिहून दिलंय. तुला काही झालेलं नाही."

"कागदाला समजलं," ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "इथे कोण सांगणार?"

तरी त्याने हात टेकले नाहीत. लाइनीतला फॉल्ट शोधावा तशी त्याने तिची भीती शोधली. किती वाजता आली, त्याआधी काय खाल्लं होतं, घरात कोण होतं, सगळं वहीत लिहून ठेवायचा. वही भरली, फॉल्ट सापडला नाही.

मग एक दिवस देवळाची दोअनआजी आपणहून घरी आली. थोआताईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसली आणि म्हणाली, "बाई, देवीआईच्या दरबारातल्या दहाव्या राजपुत्राने तुला निवडलंय. तू जागा देत नाहीस, म्हणून तो आतून दार ठोठावतोय."

बाहेर सायकलला तेल घालत बसलेला दादा ओरडला, "ठोठावतोय कशाला? बेल बसवून देतो त्याला!"

पण थोआताई देवळात गेली. वसंतातल्या सोहळ्यात तिच्या अंगात राजपुत्र आला, तेव्हा मी चटईवर पहिल्या रांगेत होते. पिवळा जरीचा झगा, हातात पंखा. उंबरठ्याला घाबरणारी बाई सगळ्या गावासमोर उभी राहून मोठ्याने हसली. चारच दिवसांनी ती बाजारात आली आणि तिने रस्ता एकटीने ओलांडला.

दादा खूष झाला. ती खुशी महिनाभर टिकली.

मग तो रोज फळकुटाशी येऊन बसायला लागला. "मेन, तुला माहितीये, संत्री आणली की चांगली चांगली बाजूला निघतात. का? तर राजपुत्राला. डागाची मला."

"दादा, तुम्ही तर म्हणता तो नाहीच."

"नाहीच! म्हणून तर म्हणतो, नसलेल्याला चांगली संत्री कशाला?"

थोआताई खाली मान घालून हसायची. त्याला ते हसूही सहन होईना. ती दुपारी झग्यावर सोनेरी चिमण्या भरायची. तीस वर्षांत माझ्या शर्टाचं तुटलेलं बटण हिने मला स्वतः लावायला लावलं, म्हणाला. सोहळ्याला जाताना ती तोंडाला पावडर लावायची. त्याच्याबरोबर लग्नाला जाताना लावत नसे.

एकदा त्याने माझ्यासमोरच तिला विचारलं, "दिसतो कसा गं तो?"

"देखणा."

"वय काय?"

"तरुणच म्हणायचा."

"काय करतो?"

"कविता करतो. घोड्यावर बसतो. लोकांना मदत करतो."

"म्हणजे नोकरी नाही," दादा म्हणाला, आणि उठून गेला. मला हसू आवरेना. त्याच्याकडे पाहिलं तेव्हा आवरलं. तोंड पार काळवंडलं होतं.

शरदातल्या मोठ्या सोहळ्याला देवळातला फ्यूज उडाला. कर्णे, पंखे, दिव्यांच्या माळा, सगळं एका तारेवर. दोअनआजीने दादाला बोलावणं धाडलं. भर दुपार होती. त्याने फ्यूज बांधला, वीज आली, गाणं पुन्हा सुरू झालं, आणि तो निघणार एवढ्यात थोआताईच्या अंगात राजपुत्र आला. दादाने हे कधी पाहिलं नव्हतं. तो बोर्डाशीच उभा राहिला.

ती नाचत सगळ्यांतून फिरली. कुणाला पान दिलं, कुणाला फळ. दादासमोर येऊन थांबली. त्याच्याकडे पाहून हलकंसं हसली, परक्या पाहुण्याला हसावं तसं, आणि म्हणाली, "आपण कुठले? कधी पाहिलं नाही."

दादाचा चेहरा मी पाहिला. त्याने मागे हात नेला आणि मेन स्विच खाली ओढला.

कर्णे गप्प झाले. वादकांचे हात आपोआप थांबले. बायका घाबरून एकमेकींना चिकटल्या. थोआताई पंखा तसाच वर धरून उभी राहिली, मग तिचे ओठ पांढरे झाले आणि ती मटकन खाली बसली. दोअनआजी किंचाळली, "ख्वेन, काय केलंस रे हे!"

त्याने स्विच पुन्हा वर केला. पण सोहळा मोडला तो मोडलाच.

थोआताईची भीती परत आली, पहिल्यापेक्षा जोरात. ती अंथरुणावरून उठेना. दादाने कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. हनोईहून मुलगी लुआ आली, तिलाही म्हणाला, मी बघतो. भात लावायचा, तिचे पाय चेपायचा, आणि शेजारी खाली मान घालून बसून राहायचा. मी रोज पेज घेऊन जायचे. एके दिवशी मी त्यांच्या चुलीपाशी होते, त्यामुळे सगळं माझ्या कानावर पडलं.

"लुआचे बाबा," ती म्हणाली, "तुम्ही स्विच का ओढलात?"

"तू मला ओळखलं नाहीस."

"ओळखलं होतं की. म्हणूनच तर हसू आलं."

मग दादा म्हणाला, "म्हणजे तू तिथे असतेस?"

"असतेच. कुठे जाणार? एरवी भीती आली की मीच भीती होऊन जाते, माझं वेगळं काही उरत नाही. तो आला की मी जरा बाजूला बसते. भीती असते, तीही असते. पण ती तिथे आणि मी इथे. मला ती दिसते."

"आणि मी? मी वही लिहीत होतो, दवाखान्यात नेत होतो. माझ्यामुळे नाही झालीस बरी?"

मला वाटलं, आता ती 'झाले की' म्हणेल. कुणीही म्हटलं असतं.

"नाही झाले तुमच्यामुळे," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू?"

मी पेज घेऊन आत गेले तर दादा भिंतीला टेकला होता. कपाळावर घाम डवरला होता. खांबावर उलटा लटकून काम करणारा माणूस. मला म्हणाला, "मेन, मला काहीतरी होतंय." आणि उठायला लागला. थोआताईने त्याचं मनगट धरलं.

"पळू नका. हीच ती. मला बाजारात व्हायचं ते हेच. बसा आणि बघा तिच्याकडे."

"काय बघू? काही दिसत नाही."

"छातीत आहे? पोटात आहे? कुठे आहे ते सांगा."

"छातीत," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "आता गळ्याशी." मग म्हणाला, "तू त्याच्याकडेच राहशील, परत येणार नाहीस, असं वाटतं. फार दिवसांपासून वाटतं." बोलता बोलता तो रडायला लागला. मी पेज तिथेच ठेवली आणि घरी गेले.

पंधरा दिवसांनी थोआताई उठली. दादाने तिला सायकलवर मागे बसवून देवळात नेलं आणि दोअनआजीची माफी मागितली. देवीला मात्र हात जोडले नाहीत. "अपराध माणसाचा केला, माणसाचीच माफी मागतो," म्हणाला. आजी म्हणाली, चालेल. त्याने देवळातल्या सगळ्या जुन्या तारा बदलून दिल्या.

पुढची नऊ वर्षं प्रत्येक सोहळ्याला तो बोर्डाशी उभा असायचा. विश्वास बसला नाही, जळणंही गेलं नाही. राजपुत्र आला की बाहेर जाऊन सिगरेट ओढायचा आणि खिडकीतून विचारायचा, "गेला का?"

दोन वर्षांपूर्वी थोआताईने झगा घालणं सोडलं. गुडघे दुखतात, म्हणाली, आणि आता गरजही वाटत नाही. भीती अधूनमधून येते, बसते, जाते. दादाला चैन पडेना. माझ्याकडे येऊन कुजबुजत विचारायला लागला, "काही बिनसलं का गं त्यांचं? तो रागावला का हिच्यावर?"

यंदा वसंतात राजपुत्र शिंप्याच्या तरण्या सुनेच्या अंगात आला. पिवळ्या झग्यात ती छान दिसत होती, सगळे म्हणाले. दादा सिगरेट ओढायला बाहेर गेला नाही. बोर्डाशी उभा राहून शेवटपर्यंत डोळे वटारून बघत राहिला. येताना वाटेत मला म्हणाला, "बघितलंस ना? आमची म्हातारी झाली, तर लगेच तिच्याकडे! असले हे राजपुत्र!"