गोमती आत्याच्या चार पेट्या

मधाची बाटली पाहिली की मला शिसारी येते. मधाचा त्यात काही दोष नाही. मला आठवतात ती गळ्यात हार घालून आमच्या गल्लीत उतरलेली पाच देशांची शहाणी माणसं, आणि त्यांच्या पुढेपुढे करणारा मी.

गोमती आत्या कुंभकोणमला आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहायची. घर लांबलचक आणि अरुंद. परसात जायचं तर माजघर आणि स्वयंपाकघर ओलांडूनच जावं लागे. आत्याचे यजमान ब्याऐंशी साली वारले. मूलबाळ नव्हतं. चोळपुरम्‌चा स्वामीनाथ त्यांचा जुना मित्र. त्याच्याकडे मधमाश्यांच्या साठ पेट्या होत्या. त्यानं दोन पेट्या आणून शेवग्याखाली ठेवल्या आणि म्हणाला, मन रमेल. मन असं रमलं की सात वर्षांत दोनाच्या चौदा झाल्या. शेवग्याला कधी नव्हे त्या शेंगा लागू लागल्या. पण गल्लीत कौतुक शेंगांचं व्हायचं, माश्यांना कुणी विचारत नसे.

आत्या भयंकर सोवळ्याची. आमच्या तंजावरकडच्या मराठी घरांत सोवळ्याला सुमार नाहीच, पण तिनं सगळ्यांवर कडी केली होती. बाहेरून आलेल्यानं हातपाय धुतल्याशिवाय तिच्या घरात पाण्याच्या घागरीकडे बघायचंसुद्धा नाही. मी ट्युटोरियल कॉलेजात इंग्रजी शिकवत होतो, रोज इंग्रजी पेपर वाचत होतो, आणि मला तिची लाज वाटायची. मित्रांना मी कधी तिच्या घरी नेलं नाही.

ब्याण्णव साली माश्यांवर रोग आला. थायलंडकडून आला म्हणत. अळ्या पेटीतल्या पेटीत पाण्याच्या पिशव्यांसारख्या फुगायच्या, पिवळ्या पडायच्या, मग काळ्या होऊन सुकायच्या. पोळं उघडलं की आंबूस वास यायचा. चोळपुरम्‌ला स्वामीनाथाच्या साठ पेट्यांतल्या जेमतेम आठ उरल्या, त्याही रोगट, कशाबशा तगून. आत्याच्या चौदांपैकी दहा पेट्या महिन्याभरात गेल्या.

उरल्या त्या विहिरीपलीकडच्या चार. आत्यानं आठवडाभर विचार केला आणि तिच्या लक्षात आलं की पाय दुखतो म्हणून त्या चार पेट्या तिनं त्या महिन्यात उघडल्याच नव्हत्या. बाकीच्या मात्र त्याच हातांनी, त्याच लोखंडी पट्टीनं एकामागून एक उघडल्या होत्या. तिनं दहाही पेट्या जाळल्या. पेटी उघडायची पट्टी उकळत्या पाण्यात घालायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या पेट्यांना हात लावून आलेल्याला परसाची वाट बंद झाली, अगदी स्वामीनाथालाही. तो ओसरीवरून बोलून परत जायचा. दोन वर्षं त्या चार पेट्या धडधाकट राहिल्या. आजूबाजूच्या दहा गावांत तेवढ्याच.

हे सगळं शास्त्र होतं. तेही तिचं एकटीचं, कुणी न शिकवलेलं. मला तेव्हा ते सोवळंच वाटलं.

चौऱ्याण्णव साली, पोंगल झाल्यावर, ते मंडळ आलं. फुलांवरचे कीटक वाचवायला पाच देशांनी सहकार्याचा करार केला होता. व्हॅनवर इंग्रजीत मोठं कापड बांधलेलं : मधमाश्यांना सरहद्द नसते. इथल्या मधवाल्यांच्या संघाचा चिटणीस वेणुगोपाळ, आमच्यापैकीच, तंजावर मराठी. त्यानं मला दुभाषी म्हणून घेतलं आणि मी हवेत तरंगू लागलो. नवा शर्ट शिवला. त्या शर्टाची आठवण झाली तरी मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

सकाळी आम्ही स्वामीनाथाकडे गेलो. मंडळातला सर्वांत वयस्क साहेब स्वतःची लोखंडी पट्टी घेऊन आला होता, कातडी म्यानातली. त्यानं स्वामीनाथाच्या मरणाऱ्या आठही पेट्या उघडल्या, अळ्या काडीनं फोडल्या, वास घेतला, फोटो काढले. पट्टीला पिवळा चिकटा लागला तो रुमालानं पुसला आणि पट्टी पुन्हा म्यानात घातली. त्याच हातांनी तो व्हॅनमध्ये केळी खात बसला. स्वामीनाथानं विचारलं, यावर उपाय काय? साहेब म्हणाला, अहवाल येईल.

दुपारी वेणुगोपाळ म्हणाला, "आतां गोमतीबाईंकडे. चार पेट्या जिवंत आहेत हें यांस दाखवायास पाहिजे. संघाचें नांव होईल."

आत्या दारात उभी होती. शेजारी पितळी घंगाळात कढत पाणी, साबण, आणि आत चुलीवर दुसऱ्या भांड्यात पाणी उकळत होतं. तिनं कापडावर काय लिहिलंय ते विचारलं. मी सांगितलं.

"खरें आहे," ती म्हणाली. "रोगासही नसते. रघू, यांस सांग, हे चोळपुरम्‌हून आले आहेत. कोपरापर्यंत हात धुवावे. ती पट्टी मजकडे द्यावी, उकळून देतें. तसें न केलें तर परसांत येऊं नये म्हणावें."

पाच देशांची माणसं माझ्याकडे बघत होती. शास्त्रज्ञांना हात धुवायला सांगायचं, तेही लुगड्यातल्या एका विधवेच्या हुकमानं? मी इंग्रजीत म्हणालो, "माझी आत्या जुन्या वळणाची आहे. पाहुण्यांचं पाण्यानं स्वागत करायची आमच्यात धार्मिक चाल आहे. मनावर घेऊ नका."

सगळे भारावून गेले. एका बाईनं फोटो काढला. मग एकेकानं पुढे होऊन घंगाळात दोन-दोन बोटं बुडवली आणि डोळ्यांना लावली. वयस्क साहेबानं तर हातही जोडले. पट्टी म्यानातच राहिली.

आत्याच्या कपाळाला आठी पडली. "नीट सांगितलेंस कीं नाही?"

"सांगितलं," मी म्हणालो. "त्यांचे हात, पट्टी, सगळं औषधानं धुतलेलं असतं."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या भावाचा मुलगा, इंग्रजी शिकलेला. ती दारातून बाजूला झाली. बूट घातलेली ती वरात माजघरातून, चुलीसमोरून परसात गेली. साहेबानं पट्टी काढली आणि विहिरीपलीकडच्या चारही पेट्या ओळीनं उघडल्या. माश्या स्वच्छ होत्या, अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या. साहेब मान हलवत खूश झाला. मीही खूश झालो.

तीन आठवड्यांनी पहिल्या पेटीतून आंबूस वास आला. एप्रिलमध्ये तमिळ चित्रै महिना लागेपर्यंत चारही रिकाम्या. आत्या रडली नाही. "कोठें चुकलें मी?" एवढंच रोज विचारायची, आणि रोज मी वर्गाची वेळ झाली म्हणून उठायचो.

पुढल्या वर्षी अहवाल आला. गुळगुळीत कागद, पाच देशांचे झेंडे. वेणुगोपाळानं संघाच्या कचेरीत काच लावून ठेवला आणि एक प्रत माझ्या हाती आत्याकडे पाठवली. तेविसाव्या पानावर आत्या, शेजारी घंगाळ. खाली लिहिलेलं : स्वागताचा पारंपरिक विधी. पुढच्या पानावर : या भागात माश्यांची निरोगी वसाहत उरलेली नाही, स्थानिक पाळकांना स्वच्छतेची जाण कमी असून त्यांना प्रशिक्षण द्यावे.

"वाच," आत्या म्हणाली. "मराठींत."

मी वाचलं. या खेपेला एक शब्द गाळला नाही.

तिनं आपला फोटो डोळ्यांजवळ धरला. घंगाळात बुडलेली कुणाची तरी दोन बोटं त्यात स्पष्ट दिसत होती.

"त्या दिवशीं तूं त्यांस काय सांगितलेंस, रघू?"

मी तेही सांगितलं, जसंच्या तसं. औषधाबद्दल तिच्याशी खोटं बोललो तेही. माझी मलाच इतकी किळस आली होती की वर बघवेना. ती उठून आत गेली. पान वाढल्याचा आवाज आला. दुपारची वेळ होती, आणि तिच्या घरून मी कधी उपाशी गेलो नव्हतो. मग ती बाहेर आली. हातात तेच घंगाळ, वाफाळतं पाणी. तिनं ते माझ्यासमोर ठेवलं.

"हात धू आणि जेवायास ये," ती म्हणाली. "कोपरापर्यंत धू. दोन बोटें नव्हे."