पाचवी रांग

हुसेन परकारांना मी आठ वर्षं रोज पाहिलं आणि आठही वर्षं बसच्या पाचव्या रांगेत, खिडकीशी पाहिलं. शारजातल्या रोल्यावरून हमरिया फ्री झोनला जाणारी ती आमच्या कंपनीची बस. पुढच्या चार रांगांतल्या सीटना पांढरी कव्हरं होती, तिथे आम्ही ऑफिसातले लोक बसायचो. पाचव्या रांगेपासून मागे यार्डातले कामगार. असा नियम कुठेही लिहिलेला नव्हता. परकारभाई कंपनीचे स्टोअरकीपर, म्हणजे आमच्यातलेच. पण त्यांची कव्हरवाली जागा रोज रिकामी जायची आणि ते कामगारांच्या पहिल्या रांगेत, मांडीवर डबा घेऊन बसलेले असायचे.

माझी त्यांची ओळखही त्याच रांगेत झाली. मी पुण्याहून नवा नवा आलो होतो, ॲडमिन मॅनेजर म्हणून. पहिल्या दिवशी बसमध्ये चढलो आणि दिसेल त्या रिकाम्या जागी, नेमका त्यांच्या शेजारी बसलो. त्यांनी माझ्या टायकडे पाहिलं.

"साहेब, तुम्ही ऑफिसवाले ना? उठा. तुमची सीट फुडं."

मराठी ऐकून मी खूश झालो. "इथे बसलो तर काय बिघडलं?" मी बाणेदारपणे विचारलं.

"बिघडत काय नाय. पण एसी चौथ्या रांगेपर्यंतच लागतो."

जुलै महिना होता. मी उठलो. समतेवरची माझी निष्ठा त्या दिवशी साधारण दोन मिनिटं टिकली.

वास्तविक समता हा माझा खास विषय. कॉलेजात असताना वादविवादाचे तीन करंडक मी मिळवले होते आणि त्यांतले दोन अमेरिकेतल्या वर्णद्वेषावर बोलून. अमेरिका मी पाहिली नव्हती. तिचा व्हिसा मला दोनदा नाकारला गेला होता, त्यामुळे तिथल्या अन्यायाबद्दल माझी मतं फार पक्की होती. बसमध्ये आयता श्रोतृवर्ग मिळाला. चाळीस मिनिटांचा रस्ता, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला वाळू, आणि दुसऱ्या रांगेत मागे तोंड करून बसलेला मी. गोरे लोक काळ्यांना कसं वागवतात, गरीब गोऱ्यालाही गोरेपणाचा कसा फायदा मिळतो, जात मोठी की वर्ग मोठा, असं सगळं मी हिंदीत, इंग्रजीत आणि परकारभाईंसाठी मराठीत समजावून सांगत असे. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, आणि उंटांच्या देशात ते फारसं कुणाला खटकतही नव्हतं.

एकदा मी अमेरिकेतल्या बसगाड्यांवर आलो. काळ्या माणसांना मागे बसावं लागे, पुढच्या जागा गोऱ्यांच्या, हे मी इतक्या तळमळीने सांगितलं की अकाउंट्सच्या मॅथ्यूने "टेरिबल, टेरिबल" म्हणत मान हलवली. पाचव्या रांगेतून परकारभाईंनी विचारलं, "साहेब, त्या बसचा एसी कुठपर्यंत लागायचा?"

मी हसलो. "अहो परकारभाई, त्या काळी बसमध्ये एसी कुठला?"

"हां, मग ठीक हाय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. मला वाटलं, बिचाऱ्याला इतिहास कळत नाही.

परकारभाईंचं राज्य म्हणजे स्टोअर. तेलविहिरींना लागणारे पाइप, व्हॉल्व्ह, गॅस्केट यांचे डोंगर होते तिथे. प्रत्येक वस्तूला सुतळीने एक कार्ड बांधलेलं. माल काय, नग किती, कुणाला दिला. "चिठ्ठी नाय तर माल नाय," हे त्यांचं ब्रीद. जनरल मॅनेजर कॉलिन स्वतः एक पाना मागायला आला, तेव्हा त्यालाही त्यांनी सहीशिवाय दिला नव्हता. डोळे मिटून त्यांना कुठलाही सायझ सांगा, कुठल्या रॅकवर कितव्या कप्प्यात आहे ते सांगणार. सांगून झालं की "यल्ला, चहा पिऊया," म्हणणार. त्या चहात वेलची इतकी असायची की मला ठसका लागायचा, आणि माझ्या ठसक्याची त्यांना मोठी मजा वाटायची.

त्यांची बायको, झुबेदाभाभी, रत्नागिरीजवळच्या खाडीकाठच्या गावात. लग्नाला वीस वर्षं होऊन गेलेली, पण दर वर्षी रजेचा एक महिना, एवढाच त्यांचा संसार. स्टोअरकीपरच्या पगारावर बायकोचा व्हिसा निघत नसे. "ती म्हंते, एकदा तरी मना तुमची खोली दाखवा," परकारभाई सांगायचे. "मी म्हंतो, इन्शाल्ला. ती म्हंते, तुमचा इन्शाल्ला आता म्हातारा झाला."

मग जुने यार्ड सुपरिंटेंडंट निवृत्त होऊन मायदेशी गेले आणि जागा रिकामी झाली. ती जागा परकारभाईंचीच, याबद्दल यार्डात कुणाला शंका नव्हती. ते काम तसंही तेच करत होते. त्या ग्रेडला फॅमिली व्हिसा होता. परकारभाई तेव्हा रजेवरून परतले ते सामानात विळी घेऊन. खोबरं खवायची, पुढे दातेरी फूल असलेली, शिसवी पाटाची. "बाईमाणूस यायच्या आधी विळी आली पायजे," ते म्हणाले. ती वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी स्टोअरच्या शेवटच्या रॅकवर ठेवली आणि सवयीने तिलाही कार्ड बांधलं. 'विळी. नग एक.' 'कुणाला दिला' ही ओळ कोरी ठेवली.

एका गुरुवारी सकाळी कॉलिन माझ्या टेबलाशी आला. "देवधर, परकारबद्दल चार ओळी लिहून दे. हेड ऑफिसला पाठवायच्यात." बस, इतकंच म्हणाला. हे 'इतकंच' मी आजवर शंभर वेळा आठवून पाहिलं आहे, त्यात आणखी काही सापडत नाही.

त्या वेळी मी कॉम्प्युटरवर माझी मुलगी मुक्ता हिचं भाषण टाइप करत होतो. तिच्या शाळेत अमेरिकेहून शिकून आलेल्या एक नव्या बाई होत्या. त्यांनी वादविवादाला विषय दिला होता : अमेरिकेत गोरं असणं हाच एक विशेषाधिकार आहे. मुक्ता अनुकूल बाजूने बोलणार होती, म्हणजे बोलणार ती आणि लिहिणार मी. ते भाषण थोडं बाजूला सारून मी परकारभाईंचं पत्र लिहायला घेतलं. त्यांच्या कामाची माहिती कंपनीत दुसऱ्या कुणालाही नाही, माणूस सचोटीचा आहे, कामगार त्यांचं ऐकतात. तीन ओळी झाल्या. तिथे थांबायला हवं होतं. पण प्रतिपक्षाच्या मनातला मुद्दा आधीच ओळखून मांडायचा, ही करंडकवाल्याची खोड. हेड ऑफिसला काय वाटेल ते मीच ओळखलं आणि चौथी ओळ लिहिली : 'तथापि, या पदावरील व्यक्तीचा ग्राहक कंपन्यांच्या अधिकाऱ्यांशी रोज संबंध येत असल्याने युरोपीय उमेदवार अधिक सोयीचा ठरेल.' इंग्रजीत ते वाक्य आणखी सुबक दिसत होतं. मला ते आवडलंसुद्धा. मग दोन्ही कागद एकाच प्रिंटरमधून एकामागून एक बाहेर आले. मी ते वेगवेगळे स्टेपल केले, तेवढं भान होतं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, सुट्टी. परकारभाई हलव्याचा डबा घेऊन घरी आले. "वहिनी, तुमच्या बिल्डिंगमध्ये वायच लहानशी जागा मिळेल काय? एक खोली नि किचन. तिला शेजार लागतो बोलायला." माझी बायको सुधा उत्साहाने तिसऱ्या मजल्यावरच्या रिकाम्या फ्लॅटबद्दल सांगू लागली. मी घाईघाईने म्हणालो, "मुक्ता, अंकलना भाषण म्हणून दाखव."

मुक्ताने हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं. माझे डोळे पाणावले. स्वतःचं लेखन ऐकताना ते नेहमीच पाणावतात. परकारभाईंनी सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "बेटा, गोऱ्यांनी फुडं बसायचं, असं त्या लोकांना कुणी सांगितलेलं?"

"सम प्लेसेस इट वॉज द लॉ, अंकल. अदर प्लेसेस, नोबडी हॅड टू से इट."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भाषांतर केलं. "काही ठिकाणी कायदाच होता. बाकी ठिकाणी कुणी सांगायची गरजच पडली नाही."

"हां," परकारभाई म्हणाले. "ते दुसरं जास्त वाईट."

"बाबा, दॅट्स अ गुड पॉइंट! कॅन आय ॲड इट?"

"नको," मी म्हणालो. "वेळेत बसणार नाही."

मुक्ताला दुसरं बक्षीस मिळालं. 'भाषण उत्तम, परंतु वक्त्याचं स्वतःचं वाटत नाही,' असा परीक्षकांचा शेरा होता. मी दोन दिवस त्या परीक्षकांना नावं ठेवत होतो.

महिन्याभरात इंग्लंडहून सायमन आला. सव्वीस वर्षांचा, उन्हाने लाल झालेला, सालस पोरगा. गॅस्केट म्हणजे काय, हे त्याला परकारभाईंनी शिकवलं. व्हॉल्व्ह कसे लावायचे, कामगारांना कुठल्या वेळी सावलीत घ्यायचं, ते सगळंच शिकवलं. तो त्यांना 'सर' म्हणायचा. आमच्या कंपनीत परकारभाईंना सर म्हणणारा तो एकटाच. "पोरगा वाईट नाय. त्याला बोलावला, तो आला," एवढंच ते म्हणाले. वर्षभराने सायमननेच मला विचारलं, "देवधर, हे काम मिस्टर परकारांना का दिलं नाही?" मी म्हणालो, "कंपनी पॉलिसी." आणि त्याच संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी पुन्हा अमेरिकेवर बोललो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. माझ्याइतका कोरडा पाषाण अख्ख्या आखातात नसेल.

परकारभाईंच्या वागण्यात मात्र काही फरक पडला नाही. सुट्टीहून येताना ते आमच्यासाठी आंबे आणत. मी चहा प्यायला जाई, मला ठसका लागे, ते हसत. तिसऱ्या मजल्याची चौकशी तेवढी त्यांनी पुन्हा केली नाही. विळी रॅकवरच होती.

दोन हजार तीन साली त्यांनी कंपनी सोडली. गुडघे गेले होते. शेवटच्या दिवशी परतीच्या बसमध्ये त्यांनी मला हाक मारली, "साहेब, आज वायच मागं या." मी जाऊन शेजारी बसलो. आठ वर्षांनी पुन्हा तीच जागा. त्यांनी पिशवीतून विळी काढून माझ्या मांडीवर ठेवली. कार्डावरची कोरी ओळ भरलेली होती : 'देवधर वहिनी.'

"ही वहिनींना. माझ्या घरी दुसरी हाय."

मग त्यांनी एक कागद काढला. माझं पत्र. ऑफिसातल्या जुन्या फायली वर्षाअखेरीस स्टोअरमध्ये जात आणि प्रत्येक फायलीला परकारभाई कार्ड बांधत. ती पद्धत मीच घालून दिली होती. म्हणजे हा माणूस तीन वर्षं सगळं जाणून होता आणि आंबे आणत होता. मला त्या क्षणी इतकी लाज वाटली की बसमधून उडी मारावीशी वाटली.

"परकारभाई, मी..."

"एकच विचारतो. इंग्रजी माझं कच्चं, म्हणून सायमनकडून वाचून घेतलं. चौथी ओळ हाय ना, ती लिहायला कॉलिनने सांगितलेली?"

खोटं बोलणं सोपं होतं. कॉलिन केव्हाच बदली होऊन गेला होता.

"नाही," मी म्हणालो. "कुणीच नाही सांगितलं."

त्यांनी मान हलवली. "मना वाटलंच. कुणी सांगितली असती तर एवढं वाईट नसतं वाटलं."

मग माझ्या हातावर हात ठेवून ते म्हणाले, "खलास. आता घाम पुसा, साहेब. हितं असंच उकडतं." रोल्याला उतरले तेव्हा मागच्या रांगांतले सगळे कामगार त्यांच्यामागून उतरले. त्यांची बॅग उचलायला चौघांची चढाओढ लागली होती. मी विळी सांभाळत मागे उभा होतो.

झुबेदाभाभींनी शारजा पाहिलं नाही. विळी पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात आहे. सुधा तिच्यावर खोबरं खवते आणि दर वेळी परकारभाईंचं नाव काढते. चौथ्या ओळीबद्दल मी तिला अजून सांगितलेलं नाही. हे छापून आल्यावर वाचेल.

ते गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी निश्चयाने पाचव्या रांगेत, त्यांच्या खिडकीशी जाऊन बसलो. अमेरिकेचा विषय काढला नाही. मागच्या कामगारांना त्यांची नावं विचारली. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी मी पुन्हा दुसऱ्या रांगेत बसलो. कुणी मला उठवलं नव्हतं, कुणी पुढे बोलावलंही नव्हतं. पाचव्या रांगेपर्यंत एसी खरोखरच येत नव्हता.