शेवंताताईची दोन बोटं

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही धड कळत नाही.

तेव्हा मी पनवेलहून तळोज्याला एका औषधाच्या कारखान्यात जायचो. गोळ्यांच्या पॅकिंगवर आम्ही तीसेक जण, सगळे ठेकेदाराचे. कागदावर झाडूवाले; मशीन मात्र आम्हीच चालवायचो. ओवे गावची शेवंताताई माझ्या लाइनवर. वयाने मोठी, तरी मला दादा म्हणायची — लाइन मी सांभाळायचो ना.

एका दुपारी मशीनमध्ये गोळ्यांची पट्टी अडकली. मशीन थांबवलं की साहेब ओरडायचे. मी म्हणालो, "ताई, चालूतच ओढ, पटकन." हो — मीच. तिने ओढली. उजव्या हाताची दोन बोटं गेली, पाठोपाठ कामही.

त्या बोटांवरूनच युनियन उभी राहिली. ताईला परत कामावर घ्या, मशीन आम्हीच चालवतो तर आम्हाला कायम करा — अर्जावर पहिली सही माझी. केवढा ताठ होतो मी!

मग सरकारी चौकशी लागली. आदल्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही, धमकी दिली नाही. एवढंच म्हणाले, "हात घालायला कोणी सांगितलं, ते निघायलाच हवं का?"

चौकशीत आधी ताईला विचारलं. तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. "कोनी सांगितला ता आठवत नाय, साहेब." मला वाचवलं तिने — कळतंय ना तुम्हाला? खाली बसताना हळूच म्हणाली, "घाबरू नको दादा. आमी हाव ना."

आणि मी उठून काय बोललो? "ती झाडू मारायला होती. आपणहून मशीनकडे गेली. आमच्यातलं कोणीच मशीन चालवत नाही."

अर्ज तिथेच मेला. बाकी सगळे गेटबाहेर. मी तेवढा आत — पुढे कायमही झालो.

युनियनवाल्यांना वाटलं, कंपनीने मला धमकावलं असणार. बिचारा, म्हणाले. मी तसं वाटू दिलं. इतकी वर्षं.

ताई आता पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकते, डाव्या हाताने तोलते. मी दिसलो की हाक मारते, "दादा, बरा हायस ना?"

बरा आहे, म्हणतो मी. आणि थांबत नाही.