तीस किलोंत बिडाचा तवा

मी एकदा परदेशातून पळून आलोय, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर आमच्या आळीतलं कोणीतरी सांगेलच.

बारा वर्षांपूर्वी आखातात शीतगृहाच्या कामावर गेलो होतो. कंत्राट दोन वर्षांचं, टिकलो चार महिने. तेव्हा बॅग आईने भरली होती. कुळथाचं पीठ, सोलं, सुका जवळा, फणसाची साटं, लाडवांचे दोन डबे. कपडे आपले नावाला. रोज थोडं थोडं पुरवून खात होतो. ज्या दिवशी शेवटचा डबा बोटाने पुसून काढला, त्या दिवसापासून तिथलं अन्न घशाखाली उतरेना. पंधरा दिवसांत घरी. वाटेत भेटेल तो विचारायचा, "काय, सुट्टीवर?" चार महिन्यांत कसली डोंबलाची सुट्टी! सगळं माहीत असतं लोकांना, तरी विचारतात.

त्यामुळे दीड वर्षापूर्वी सेशेल्स बेटांवरच्या एका मासळीच्या कारखान्यातून बोलावणं आलं, तेव्हा आनंद झाला आणि भीतीही वाटली. काम तेच, शीतगृह सांभाळायचं. कंत्राट पुन्हा दोन वर्षांचं. रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्याच्या कारखान्यातली चालू नोकरी सोडून जायचं होतं, तेही पंचेचाळिसाव्या वर्षी. पुन्हा हात हलवत परत आलो असतो, तर इथलंही गेलं आणि तिथलंही. बायकोला हे न सांगता कळत होतं. ती एवढंच म्हणाली, "या वेळी बॅग मी भरणार."

मुलगी दहावीत. तिने मोबाइलवर यादी काढली, उष्ण प्रदेशात राहायला जाताना काय काय न्यावं. सुती कपडे, टोपी, डासांचं मलम, ओल शोषणाऱ्या पुड्या. ती वाचत होती आणि मी चष्मा लावून गंभीरपणे लिहून घेत होतो. स्वयंपाकघरातून हसण्याचा आवाज आला.

"अहो, तिथे नारळ, फणस, भात, मासे आणि पाऊस. रत्नागिरीतून उठून रत्नागिरीतच चाललाय तुम्ही! यादी कसली वाचताय? पावसाळ्यात आपल्या कपाटात जे जगतं तेवढं घ्या."

आणि कपाटच उघडलंन तिने. चामड्याचा पट्टा बाहेर: "याला श्रावणात दाढी येते." दोन जीन्स बाहेर: "चार दिवस वाळत नाहीत, मग घरभर कुबट वास." माझा लग्नातला सूट मी हळूच खाली सरकवला होता, तोही निघाला. "हा कोणाला दाखवणार? सुरमईला?" मुलगी पलंगावर लोळून हसत होती. मला राग आला, पण एकूण एक गोष्ट बरोबर होती. वीस पावसाळे तिने त्या कपाटाशी झुंज दिली होती आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मग मी भीत भीत विचारलं, "खायचं काय काय देतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. मागच्या वेळी डबे संपले आणि तुम्हीही संपलात."

माझं डोकंच सटकलं. परक्या माणसालासुद्धा कोणी रिकाम्या हाताने पाठवत नाही, आणि ही स्वतःच्या नवऱ्याला! दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिला काही फरक पडल्याचं दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मला शेगडीपुढे उभं केलं. समोर बिडाचा तवा. बीड म्हणजे ओतीव लोखंड. हा तवा लग्नात तिच्या आईने दिलेला, वापरून वापरून काळाकुळकुळीत आणि गुळगुळीत झालेला. आमच्याकडे रोज सकाळी त्यावर तांदळाच्या पिठाची घावनं. तिला स्वतःला तर घावन पोटात गेल्याशिवाय दिवस उजाडल्यासारखं वाटत नाही.

"घाला," ती म्हणाली. "तिथे तांदूळ आहे, नारळ आहे, मासे आहेत. फक्त तुमच्या हातात काही नाही. ते आता महिन्याभरात भरायचंय."

नारळाची शेंडी तेलात बुडवून तव्यावर फिरवायची, पातळ पीठ कडेकडेने सोडत आत यायचं, झाकण ठेवायचं आणि मुख्य म्हणजे घाई करायची नाही. घाई हा तर माझा जन्माचा रोग. पहिल्या आठवड्यात माझ्या घावनांच्या नुसत्या चिंध्या. मुलगी विचारायची, "बाबा, या पदार्थाचं नाव काय?" पण बायकोने एकदाही माझ्या हातातला कालथा घेतला नाही. हात मागे बांधून उभी राहायची. कामाला जायची घाई तिलाही होतीच, तरी नाही घेतला. मी कारखान्यात नवीन माणसाच्या हातातून पाना हिसकावून घेतो, दोन शिव्याही हासडतो. इतका धीर माझ्यात नाही. त्या महिन्यात मला माझ्या बायकोचं जितकं कौतुक वाटलं तितकं वीस वर्षांत वाटलं नव्हतं, आणि हे मी तिला सांगितलेलंही नाही.

महिन्याभरात घावन आलं, बांगड्याचं तिखलं आलं, भात न लागता व्हायला लागला.

निघायच्या आदल्या दिवशी बॅग वजनकाट्यावर ठेवली. एकतीस किलो, चालत होते तीस. मी तवा काढायला वाकलो, तर तिने माझे नवे कोरे बूट काढून बाजूला ठेवले.

"अगं, तवा तिथे घेईन विकत!"

"नवा तवा सहा महिने रडवतो. तुम्हाला रडायला निमित्त नको." तव्याला खोबरेल चोळून, जुन्या लुंगीत गुंडाळून तिने तो कपड्यांच्या मधोमध ठेवला आणि बॅगेची चेन ओढली.

इथे सेशेल्सला आलो. पहिले तीन महिने बरे गेले. चौथा लागला आणि मी परतीच्या तिकिटाचे दर बघायला लागलो. एका रविवारी बाहेर धो धो पाऊस, मी खोलीत एकटा. उठलो, पीठ भिजवलं, तवा ठेवला. घाई केली नाही. घावन अख्खं सुटलं, जाळीदार! मी इतका खूश झालो की लगेच घरी व्हिडिओ कॉल लावला.

"बघा! आणि तुमच्याकडे काय नाश्त्याला?"

"पोहे," मुलगी म्हणाली. "तू गेल्यापासून रोज पोहे नाहीतर उपमा. नव्या तव्यावर घावनं सुटतच नाहीत. आई दोनदा रडकुंडीला आली."

"गप गं," बायकोने फोन ओढून घेतला.

घरात घावनाचा तवा एकच होता. हे मला ठाऊक होतं, पण तो बॅगेत गेला तेव्हा ते एकदाही मनात आलं नव्हतं.  मी म्हटलं, "तवा पाठवून देऊ का?"

"दोन वर्षांनी स्वतः घेऊन या," ती म्हणाली. "त्याआधी आणलात तर दारात उभं करणार नाही. खा आता, गार होतंय."

त्याला वर्ष झालं. आठ महिने राहिलेत. तवा मी रोज तेल पुसून ठेवतो.